फलकावरचा फोटो आहे तिथेच राहू द्यावा

प्रति,
मा. उपसंचालक,
अर्थसाक्षरता प्रसार कार्यालय (यशोगाथा विभाग),
दुसरा मजला, जिना चढून डावीकडे.

अर्जदार: इस्त्रीवाली, वय वर्षे ४६, बस थांब्यासमोरील टपरी.

विषय: अर्जदाराचे छायाचित्र असलेले फलक काढून टाकण्याबाबत यापूर्वी केलेले तिन्ही अर्ज रद्द समजून, सदर फलक आहेत तिथेच कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ:
१) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ३ फेब्रुवारी. (उत्तर: मोहीम चालू असल्याने शक्य नाही.)
२) दुसरा अर्ज, दि. ११ मे. (उत्तर: फलकास प्रतिसाद उत्तम असल्याने मुदत वाढविली आहे.)
३) तिसरा अर्ज, दि. २० ऑगस्ट. (उत्तर परिच्छेद ८ मध्ये दिले आहे.)
४) आपल्या कार्यालयाचे दि. ६ ऑक्टोबरचे पत्र, अर्जदाराच्या मुलीच्या नावे.

महोदय,

यापूर्वीचे तिन्ही अर्ज एकेका पानाचे, ठरल्या नमुन्यातले होते. त्यांची उत्तरे पाहता विषयाच्या ओळीखाली कोणी उतरले असेल असे अर्जदारास वाटत नाही. म्हणून या खेपेस मागणे विषयातच पुरे लिहिले आहे. ते मंजूर असल्यास पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये. मंजूर नसल्यास मात्र सगळे वाचावे. अर्ज लिहून देणारा हा कचेरीच्या जिन्याखाली बसणारा निवृत्त कारकून असून, अर्जदाराने जसे सांगितले तसेच लिहिले आहे. भाषा तेवढी त्याची.

१. अर्जदाराची टपरी सहा फूट बाय पाच फूट आहे. एक इस्त्री कोळशाची, एक विजेची. घरगुती कपडे सकाळी येतात, लॉजच्या चादरी दुपारी. यजमान भाड्याचा तीनचाकी टेम्पो चालवीत. टेम्पोच्या मालकाला रोजचे तीनशे दिल्यावर जे उरेल ते घरात. पोटी एकच मुलगी, वय वीस. राहायला टायरच्या दुकानामागे दीड खोली, त्यातल्या अर्ध्या खोलीत मुलगी अभ्यास करी.

२. चार वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयाने शाळेच्या हॉलमध्ये सहा शनिवार अर्थसाक्षरतेचा वर्ग घेतला. खरे सांगायचे तर अर्जदार पहिल्या शनिवारी चहा आणि कापडी पिशवी मिळते म्हणून गेली. दुसऱ्या शनिवारी मात्र ती शिकायला गेली. वर्ग घेणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. टक्का म्हणजे काय हे त्यांनी पोळीचे तुकडे करून समजावले आणि कोणी चुकले तर हसल्या नाहीत. गरज कोणती, हौस कोणती, कर्जाचा कागद कुठून वाचायला सुरुवात करायची, स्वतःच्या नावाचे खाते का असावे, हे सगळे अर्जदाराच्या डोक्यात पक्के बसले. या वर्गाबद्दल तिची तक्रार नाही. हे वाक्य ठळक लिहा असे तिने दोनदा सांगितले आहे.

वर्गानंतर पंधरा दिवसांत तिने लॉजच्या चादरी आपल्या वहीत लिहायला घेतल्या, तेव्हा कळले की येतात शंभर आणि मॅनेजर मांडतो नव्वद. अकरा वर्षे हेच चालले होते. तिने वही पुढे केली. मॅनेजरने वही पाहिली, तिच्याकडे पाहिले, आणि शंभर मांडू लागला. चादरीला पाच या दराने रोजचे पन्नास वाढले. आणखी तीस तिने भाजी, कोळसा आणि स्वतःचा दुपारचा चहा यांतून काढले. असे रोजचे ऐंशी तिने नव्या खात्यात टाकले. तीन वर्षांत शहाऐंशी हजार चारशे झाले.

३. हे यजमानांना का सांगितले नाही, हा प्रश्न आपण विचाराल. सगळ्यांनीच विचारला आहे. यजमान दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत. हेही मुद्दाम लिहायला सांगितले आहे. परंतु त्यांना नाही म्हणता येत नाही. भाऊ आला, हात खिशात. स्टँडवरचा ड्रायव्हर आला, हात खिशात. शिवाय स्वतःचा टेम्पो हे त्यांचे एकच वेड. त्या वेडापायी याआधी दोनदा आगाऊ रक्कम देऊन ती बुडालेली आहे. मुलीला इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या दोन वर्षांच्या वर्गात जागा मिळाली होती. पहिल्या वर्षाची फी तिने शिकवण्या घेऊन भरली. दुसऱ्या वर्षाचे ऐंशी हजार पंधरा जूनपर्यंत भरायचे होते. त्या ऐंशी हजारांसाठी अर्जदाराने तोंड बंद ठेवले. फी भरून पावती हातात आली की यजमानांना सांगायचे, ते चार दिवस रुसतील, मग चार लोकांत तेच फुशारकी मारतील, असा तिचा हिशेब होता. नवऱ्याला ती चोवीस वर्षे ओळखते. हिशेब चुकीचा नव्हता.

४. गेल्या डिसेंबरात मॅडम एका फोटोवाल्याला घेऊन टपरीवर आल्या. वर्गातल्या साठ बायकांपैकी आजवर पैसे टाकीत राहिलेली अर्जदार एकटी, म्हणून तिची निवड झाली होती. अर्जदाराला आनंद झाला. तिच्या आयुष्यात तिची कशासाठी निवड होण्याची ही पहिलीच वेळ. धूर येतो म्हणून कोळशाची इस्त्री बाजूला ठेवण्यात आली. कपड्यांवर काजळी होती, म्हणून मॅडमनी पिशवीतून नवे कपडे काढून दिले. पासबुक उघडून छातीशी धरायला सांगितले. मग संमतीचा कागद पुढे आला. कागदावर अकरा ओळी होत्या. अर्जदार बोट ठेवून वाचू लागली. सातव्या ओळीपर्यंत आली तेव्हा फोटोवाला म्हणाला, "उजेड चाललाय." मॅडम म्हणाल्या, "पुढचं सगळ्यांना सारखंच असतं हो." न वाचता सही करू नये, हे मॅडमनीच तिसऱ्या शनिवारी शिकवले होते. ज्यांनी शिकवले त्यांच्यावरच अविश्वास दाखवायचा कसा, म्हणून तिने सही केली. आठव्या ओळीत लिहिले होते की खात्यातील रक्कम प्रसिद्ध करता येईल. नवव्या ओळीत, की मजकूर कार्यालय ठरवील.

मजकूर आपल्याला ठाऊक आहेच, तरी नोंदीसाठी देत आहे: "रोज थोडे बाजूला, घरात कुणाला पत्ता नाही. आज हिच्याकडे ८६,४००. तुमच्याकडे किती?"

५. पत्र्याचे असे साठ फलक छापखान्यातून शहरभर पोचवायचे होते. त्यासाठी स्टँडवरून एक टेम्पो बोलावण्यात आला. तो अर्जदाराच्या यजमानांचा निघाला. यात कोणाचा दोष नाही, त्या दिवशी नंबर त्यांचा होता.

फलक कागदात गुंडाळलेले होते. तिसऱ्या ठिकाणी, स्वस्त धान्याच्या दुकानासमोर, दोरीने एकाचा कागद फाटला. माल उतरवून घेणारा हमाल म्हणाला, "दादा, ही आपली इस्त्रीवाली वहिनी ना?" यजमानांनी उरलेला कागद स्वतःच्या हाताने काढला आणि मजकूर वाचला. हमालाने मोठ्याने वाचला. त्यानंतर यजमानांनी उरलेले सत्तावन्न फलकही जागच्या जागी पोचवले, कारण भाडे सगळे फलक पोचल्यावरच मिळणार होते.

संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले, आणि पोचपावत्यांची चळत अर्जदारासमोर ठेवली.

"साठ ठिकाणी उतरवलं तुला," ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी सही घेतली."

अर्जदाराने पावत्यांची चळत बाजूला सारली. ती म्हणाली, "अहो, पोरीच्या फीचे आहेत ते."

"तीन वर्षं. शेजारी झोपत होतीस."

"सांगितलं असतं तर राहिले असते का?"

ते जेवले, भांडे स्वतः उचलले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. ते ओरडले असते तर बरे झाले असते, असे अर्जदाराचे म्हणणे आहे.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर त्यांना नाव पडले, "पत्ता नाही". "ए पत्ता नाही, तुझा नंबर आला." "पत्ता नाही, चहा कोण देणार, तू की वहिनी?" आठ दिवस यजमान स्टँडच्या मागच्या गल्लीत टेम्पो लावून बसले. दिवसाला एक फेरी मिळे. नवव्या दिवशी ते म्हणाले, "टेम्पो माझ्या नावाचा झाला तर ही माणसं गप्प बसतील. जूनपर्यंत तुझी फी परत काढून देतो." अर्जदार त्यांच्याबरोबर बँकेत गेली आणि पैसे काढण्याच्या कागदावर सही केली. कोणी तिचा हात धरला नव्हता. तिला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हते, एवढेच.

६. आता एक गोष्ट आपल्या कार्यालयाने नीट वाचावी, कारण ती वर्गाच्या अभ्यासक्रमात नाही. टेम्पोच्या कर्जाचा कागद अर्जदाराने वाचला. सगळा वाचला, दुकानातल्या खुर्चीवर बसून, एजंट घड्याळ बघत असताना. ऐंशी हजार आगाऊ, सहा हजार चारशे कागदपत्रांचे, दोन लाख चाळीस हजार कर्ज, तीन वर्षे. व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच धरले होते, फिटलेला भाग वजा न करता. लॉजच्या पावतीमागे तिने हिशेब केला. हप्ता महिना साडेनऊ हजारांच्या आसपास. चार रविवार सोडले तर दिवसाला पावणेचारशेला थोडे कमी. आजवर मालकाला तीनशे जात होते आणि दुरुस्ती त्याच्याकडे होती. आता दुरुस्तीही यांच्याच गळ्यात आणि विमाही. रोज चार फेऱ्या मिळाल्या तरच घरात काही उरणार होते. यजमानांना मिळत होत्या तीन.

तिने हे हळू आवाजात सांगितले. "अहो, हे झेपायचं नाही. हे बघा, इथे व्याज कसं लावलंय."

एजंटने ऐकले. तो हसून म्हणाला, "वहिनी म्हणजे फलकावरच्या ना? दादा, मग यांना विचारूनच सही करा बरं का."

यजमानांनी त्याच क्षणी सही केली. शेवटपर्यंत कागदाकडे पाहिलेही नाही.

अर्जदाराचे म्हणणे असे की, तिला हिशेब येत नसता तर तिने नुसते "नका घेऊ" म्हटले असते, आणि यजमानांनी कदाचित ऐकले असते.

७. मार्च आणि एप्रिलचे हप्ते गेले. मे महिन्यात बाजाराचा रस्ता खोदला आणि फेऱ्या दोनवर आल्या, हप्ते थकले. पंधरा जून आली तशी गेली. मुलीचे नाव वर्गातून कमी झाले. तिने पांढरा कोट धुतला, विजेच्या इस्त्रीने कडक केला, घडी घालून पेटीत तळाशी ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच इस्त्री हातात घेऊन टपरीवर उभी राहिली. ती रडली नाही, बापाला बोलली नाही, आईलाही नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कर्ज देणाऱ्या कंपनीची दोन माणसे स्टँडवर आली. टेम्पोत कोणाचे तरी लाकडी कपाट होते. त्यांनी ते रस्त्यावर उतरवायला लावले आणि टेम्पो घेऊन गेली. यजमानांनी ते कपाट पाठीवर घेऊन दीड मैल चालत पोचवले, आणि त्या माणसाकडून भाडे घेतले नाही. पुढच्याच आठवड्यात ते बंदरावर हमालीला गेले. रविवारी फोन येतो. मुलीशी बोलतात.

मधल्या काळात फलकाने इतर कामेही केली. धान्याच्या कार्डाची तपासणी झाली तेव्हा निरीक्षकाने अर्जदाराचे नाव खोडले. खाते रिकामे आहे म्हणून तिने पासबुक दाखवले. शिल्लक एकशे बारा. निरीक्षकाने पासबुक परत केले आणि दुकानासमोरच्या फलकाकडे हनुवटी केली. "बाई, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात नेणारे मी रोज बघतो. हा तर सरकारी फलक आहे. सरकार खोटं लिहील का?" रांगेतल्या बायका हसल्या. त्यांतल्या तिघी वर्गात तिच्या शेजारी बसत.

लॉजच्या मॅनेजरने चादरीचा दर पाचावरून साडेतीनवर आणला. "तुम्हाला आता काय कमी आहे," एवढेच म्हणाला. शंभर मात्र शंभरच मांडतो.

आणि भाजीवाली. टपरीला लागून अकरा वर्षे तिची पाटी होती. एकमेकींचे पाणी भरणे, एकमेकींच्या गल्ल्याकडे लक्ष ठेवणे, ताप आला तर दुकान सांभाळणे, सगळे होते. सप्टेंबरात तिची आई इस्पितळात पडली. ती अर्जदाराकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, वीस हजार दे. पाटीवरून फेडते, रोज सांगशील तेवढे."

अर्जदार म्हणाली, "अगं, नाहीत माझ्याकडे. गेले सगळे. तुला ठाऊक आहे ना टेम्पोचं."

भाजीवालीने रस्त्यापलीकडे बघितले. तिथे अर्जदार नवे कपडे घालून, पासबुक छातीशी धरून हसत होती. भाजीवाली "बरं" म्हणाली. पुन्हा मागितले नाही. चौथ्या दिवशी तिची आई गेली. तेरावा झाल्यावर परत धंद्यावर आली ती पलीकडच्या बाजूला, बरोबर फलकाखाली पाटी मांडून बसली. अर्जदार दिवसभर इस्त्री करताना मान वर करते तेव्हा तिला दोघीही दिसतात.

८. ऑगस्टात केलेल्या तिसऱ्या अर्जाचे उत्तर असे आले: "फलकावरील लाभार्थी महिला व अर्जदार या एकच असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येत नाही. सबब ओळख पटविणारा पुरावा सादर करावा." अर्जदार खिडकीवर गेली. कारकुनाने फलकाचा छोटा नमुना बाहेर काढून तिच्या तोंडाशी धरला. "यात गाल भरलेले आहेत. केस काळे आहेत," तो म्हणाला. केस छापताना काळे करण्यात आले होते हे अर्जदाराने सांगितले. गालांचे तिला काही सांगता आले नाही. कारकून भला माणूस होता. त्याने सुचवले, "नवऱ्याचं पत्र आणा, की फोटोतली ही माझीच बायको. तेवढ्यावर होऊन जाईल." अर्जदाराने बंदरावर निरोप पाठवला. रविवारी मुलीने फोन ठेवल्यावर सांगितले, "बाबा म्हणाले, त्या बाईला मी ओळखत नाही."

९. आता संदर्भ ४ कडे यावे. या महिन्याच्या सहा तारखेला आपल्या कार्यालयाचे पत्र घेऊन मॅडम स्वतः टपरीवर आल्या. सगळे ऐकून त्यांना वाईट वाटले. खरेच वाटले, त्यांनी डोळे पुसले. त्यांनाही वर्षाला चार यशोगाथा द्याव्या लागतात, आणि यंदा दोनच जमल्या आहेत. म्हणाल्या, "तुम्हाला फलक काढून हवेत ना? मी साहेबांशी बोलले. साठही फलक उतरवतो. त्या जागी दुसरी पिढी लावायची, आईचं बघून मुलगी शिकली असं. मुलीला पंधरा हजार मानधन."

मुलीच्या खात्यात एकशे बारासुद्धा नाहीत, असे अर्जदार म्हणाली. त्यावर मॅडमनी समजावले की यंदापासून रक्कम प्रातिनिधिक छापतात. मुलीसाठी दीड लाख ठरले आहेत.

अर्जदार नाही म्हणाली. मॅडम बुचकळ्यात पडल्या. "पण अर्ज तर तुम्हीच केलेत. एकदा नाही, तीनदा."

त्या दिवशी अर्जदार चादरी पोचवून लॉजवरून परत आली तोवर मुलीने सही केलेली होती.

"वाचलंस तरी का?" तिने विचारले.

"अकराच्या अकरा ओळी. दोनदा वाचल्या."

"मग?"

मुलगी चादरीची घडी घालत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "बोर्डावरचे दीड लाख खोटे आहेत, आई. पंधरा हजार खरे आहेत. पुढच्या जूनमध्ये परत नाव घालायचं तर कुठून तरी सुरुवात नको का?"

"तुला कुणी उभं करणार नाही. नोकरीला जाशील तिथे म्हणतील, हिला कशाला पगार. लग्न ठरेल तिथे दीड लाख मागतील. इस्पितळात मेलीस तरी बिल आधी मागतील."

"तुझं झालं ते तुझं झालं," मुलगी म्हणाली. "मी लपवत नाहीये ना काही."

अर्जदाराने चादरीचे दुसरे टोक धरले.

१०. नवे फलक लावायला माणसे येत्या सोमवारी येणार आहेत असे समजते. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे.

तिचे फलक काढू नयेत. साठही ठेवावेत. ते रद्द करून मागणारे तिन्ही अर्ज तिने घाईत, पुढचा विचार न करता केले होते, असे समजावे. दुसऱ्या पिढीची गरजच असेल तर तिचाच फोटो पुन्हा घ्यावा. गाल भरून घेण्याची सोय छापखान्यात आहे असे कारकुनांकडून समजले. रक्कम वाढवावयाची असल्यास दीड लाख लिहावे, तीन लाख लिहावे, तिची हरकत नाही. तिच्याजवळ आता कोणी नेण्यासारखे काही राहिलेले नाही, त्यामुळे आकडा कितीही मोठा असला तरी तिच्या घरचे नुकसान होणार नाही. पायी जाता येईल अशा अंतरावर एकोणीस फलक आहेत. ते दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसून ठेवण्याचे काम ती विनामूल्य करील. मानधनाची ती मागणी करीत नाही. मुलीचे पंधरा हजार यामुळे जातील हे तिला माहीत आहे. ते तिने मोजून पाहिले आहे. फीचे पाच हिस्से केले तर एक हिस्सा सुद्धा पुरा होत नाही.

हा अर्ज केल्याचे मुलीस माहीत नाही. ते कळू नये. याचे उत्तर घरी न पाठवता खिडकीवर ठेवावे, अर्जदार दर मंगळवारी येऊन विचारील.

मुलीच्या नावे मात्र घरच्या पत्त्यावर कार्यालयाने एक वेगळे पत्र पाठवावे. त्यात असे लिहावे की तिचा फोटो वरिष्ठांना दाखवला, चेहरा फलकास योग्य वाटला नाही, म्हणून निवड रद्द करण्यात येत आहे. आईने आडकाठी केली असे तिला कळले तर ती उद्याच दुसऱ्या कचेरीत जाऊन सही करील. आपण नापसंत झालो असे वाटले तर जाणार नाही. ती दिसायला चांगली आहे आणि तिला ते माहीत आहे, म्हणून पत्र जरा कडक भाषेत असावे. मऊ लिहिले तर ती परत विचारायला येईल.

एवढे कार्यालयाने करावे. अर्जदार यापुढे कोणत्याही कारणाने अर्ज करणार नाही.

मंगळवारी खिडकीशी येणारी,

(सही)
इस्त्रीवाली

दिनांक: १४ ऑक्टोबर

सोबत:
१) आधीच्या तीन अर्जांच्या व त्यांच्या उत्तरांच्या प्रती.
२) पासबुकाच्या शेवटच्या पानाची प्रत.
३) मुलीच्या नावे पाठवावयाच्या नकारपत्राचा कच्चा मसुदा, अर्जदाराच्या हस्ताक्षरात. कार्यालयास लिहिण्याचा त्रास नको म्हणून जोडला आहे; चेहऱ्याबद्दलची दोन वाक्ये बदलू नयेत.